मुलांच्या मैदानाचा अर्ज

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना फटाक्यांच्या आधी माती लागते. किल्ला करावयाचा असतो. माती हवी, चार दगड हवेत, फाटके गोणपाट हवे आणि या सर्वांच्या आधी हवी ती हात-दोन हात मोकळी जागा. घरातल्या वडीलधाऱ्यांना ही शेवटची मागणी क्षुल्लक वाटते, कारण त्यांच्या लहानपणी ती कोणापाशी करावीच लागली नव्हती. अंगण होते, परसू होते, गावाबाहेर देवळापुढची पटांगणे होती. आज शहरातला मुलगा गॅलरीच्या कोपऱ्यात टाईलवर किल्ला मांडतो, आणि खालच्या बिऱ्हाडात पाणी झिरपले म्हणून त्याचा रायगड संध्याकाळच्या आत पडतो.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत मैदाने पुष्कळ आहेत. पानिपताचे आहे, खर्ड्याचे आहे. ज्या मैदानावर पोरे चेंडू घेऊन पळाली त्याची हकीकत मात्र सहसा कोणी सांगत नाही. अशी मैदाने आपोआप राहत नाहीत. कोणीतरी अर्ज केलेला असतो, कोणीतरी सभेत उठून बोललेले असते, कोणीतरी अंदाजपत्रकात एक ओळ घुसवलेली असते. त्या अर्जांची ही थोडी हकीकत आहे.

आरंभ मुंबईत करावा लागतो, आणि तोही मुलांपासून नव्हे, तर क्रिकेटवेड्या तरुणांपासून. १८८१ साल. कोटाबाहेरच्या एस्प्लनेडवर, ज्याच्या एका तुकड्याला आज आपण आझाद मैदान म्हणतो, पारशी आणि इतर देशी मंडळी क्रिकेट खेळत. त्याच जागेवर बॉम्बे जिमखान्याचे गोरे सभासद पोलो खेळू लागले. हा जिमखाना १८७५ साली निघालेला, आणि त्यात देशी माणसाला प्रवेश नव्हता. पोलोत घोडे धावतात. त्यांच्या टापांनी जमीन उखणली जाई, आणि दुसऱ्या दिवशी तिथे टाकलेला चेंडू कुठे उसळेल याचा नेम नसे. पोलो खेळणारे मूठभर, क्रिकेट खेळणारे शेकडो. पण मैदानाची चाळण झाली ती शेकड्यांच्या वाट्याची.

शापुरजी सोराबजी नावाच्या पारशी गृहस्थाने पुढाकार घेतला आणि शेकडो सह्यांचा अर्ज गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे गेला. अर्जातला युक्तिवाद साधा होता. मूठभरांच्या करमणुकीसाठी शेकडोंचा खेळ का बुडावा? आणि पोलोला कूपरेजची दुसरी जागा असताना हीच का? १८८२ साली सरकारने ऐकले. पोलो कूपरेजवर हलवावा असा हुकूम झाला आणि देशी खेळाडूंनी आनंद केला. तो आनंद फार टिकला नाही. जिमखान्याच्या मंडळींनी आपले वजन खर्च केले आणि वर्षभरातच घोडे पुन्हा जुन्या जागी आले. शापुरजींनी ही सारी झटापट पुढे १८९७ साली पुस्तकरूपाने छापली, म्हणून ती आपल्याला ठाऊक आहे. नाहीतर सरकारी दप्तरात असले अर्ज जिथे जातात तिथेच तोही गेला असता.

अर्ज इतका मुद्देसूद होता, मग तो हरला का? माझ्या मते कारण एकच. ज्याच्याकडे अर्ज केला त्याला अर्जदारांचे काही देणे लागत नव्हते. गव्हर्नर विलायतेहून नेमून येई आणि मुदत संपली की बोटीत बसून परत जाई. मुंबईच्या म्युनिसिपालिटीत १८७२ च्या कायद्याने करदात्यांनी निवडलेले सभासद बसू लागले होते खरे, पण एस्प्लनेडची जमीन सरकारची होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत सरकारने तोड काढली तीही मासलेवाईक आहे. समुद्रालगत केनेडी सी फेसवर पारशी, मुसलमान आणि हिंदू अशा जातवार जिमखान्यांना एकेक तुकडा देऊन टाकला. प्रत्येकाला आपापले कुंपण मिळाले. सभासदाची वर्गणी ज्याच्या बापाला परवडत नव्हती, त्या पोराचा प्रश्न होता तिथेच राहिला.

यानंतर १८८८ चा मुंबई म्युनिसिपालिटीचा कायदा आला. हा कायदा बहुतेक वाचकांनी उघडून पाहिला नसेल, आणि तशी गरजही नाही. पण त्यातली दोन कलमे प्रत्येक आईबापाने पाहून ठेवण्यासारखी आहेत. कलम ६१ मध्ये पालिकेने जे केलेच पाहिजे ते आहे: गटारे, झाडलोट, दिवाबत्ती, पाणी, प्रेतांची व्यवस्था, प्राथमिक शाळा. कलम ६३ मध्ये पालिकेने मनात आले तर, पैसा असला तर, करावे असे ते आहे. सार्वजनिक बागा आणि खेळाची मैदाने या दुसऱ्या कलमात बसवलेली आहेत. पुढे १९४९ साली पुण्यासारख्या इतर शहरांसाठी महानगरपालिकांचा कायदा झाला, त्यातही हीच वाटणी कायम राहिली. गटार हे बंधन, मैदान ही मर्जी.

ही वाटणी करणारे लोक मुलांचे वैरी होते असे नव्हे. पटकी ज्यांनी पाहिली त्यांनी गटार आधी घातले, यात त्यांचे काय चुकले? परंतु परिणाम असा झाला की मैदान हवे असेल तर ते मागावे लागते. पाणी आले नाही तर पालिका चुकली असे म्हणता येते. मैदान झाले नाही तर पालिका चुकली असे म्हणता येत नाही. आपण मागण्यात कमी पडलो एवढेच म्हणता येते. आणि ज्यांना ते हवे आहे त्यांना मत नाही.

मागून मिळालेल्या आणि सांभाळून राहिलेल्या मैदानाचे उत्तम उदाहरण दादरला आहे. प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्तीतून हवा खेळावी म्हणून उत्तरेकडे नव्या वसाहती आखल्या गेल्या. त्या काळात, १९२५ साली, महापालिकेने सुमारे २८ एकरांचे एक मोकळे मैदान राखले. त्याचे नाव माहीम पार्क. दोन वर्षांनी, म्हणजे १९२७ साली, त्या वेळी धरल्या जाणाऱ्या तिथीप्रमाणे शिवछत्रपतींच्या जन्माला तीनशे वर्षे होत होती. महापालिकेच्या सभासद अवंतिकाबाई गोखले यांनी मागणी लावून धरली आणि माहीम पार्कचे शिवाजी पार्क झाले.

अवंतिकाबाई कोण, हे नव्या पिढीला सांगावे लागते याचे वाईट वाटते. चंपारण्यात गांधीजींबरोबर खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या, गांधीजींचे चरित्र मराठीत पहिल्यांदा लिहिणाऱ्या (ते १९१८ साली निघाले आणि त्याला लोकमान्यांची प्रस्तावना होती), हिंद महिला समाज स्थापन करणाऱ्या या बाई मुंबई महापालिकेत बसलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी होत. कोणी म्हणेल, नाव बदलले यात मुलांचे काय भले झाले? मला वाटते, झाले. नुसते ‘पार्क’ असलेली जागा उद्या कोणी भाड्याने मागितली असती तर चर्चा भाड्याच्या दरावर झाली असती. ते नाव लागल्यावर त्या जागेकडे वाकड्या नजरेने पाहणे सोपे राहिले नाही. तिथे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजल्या, हे सर्वांच्या लक्षात आहे. पण सभा संपल्यावर सकाळी तिथेच पोरांनी स्टंप ठोकले, रमाकांत आचरेकरांनी दोन पिढ्यांना बॅट धरायला शिकवले, आणि त्यांतला एक मुलगा सचिन तेंडुलकर निघाला. जिमखान्याचे सभासदत्व न घेता त्या मातीत उतरता येत होते, हा मोठा फरक आहे. पुढे सभा, भोंगे आणि खेळ यांची ओढाताण वाढली तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले, आणि २०१० साली उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या मैदानासाठीही अर्ज करणे काही थांबले नव्हते.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षे या बाबतीत बरी गेली. मुंबईत मलबार टेकडीवर कमला नेहरू पार्क झाले आणि त्यातला ‘म्हातारीचा बूट’ पाहिल्याशिवाय गावाकडच्या पाहुण्यांची मुंबई पुरी होईना. पुण्यात महापालिका १९५० साली झाली आणि तीनच वर्षांत सारसबागेशेजारी पेशवे पार्क उभे राहिले. १९५६ च्या एप्रिलमध्ये त्यात फुलराणी धावू लागली. त्या चिमुकल्या गाडीत बसलेली मुले आज आजोबा-आजी झाली आहेत. तिथले प्राणी १९९९ साली कात्रजला गेले. शहराच्या पैशाने मुलांसाठी काही केले तर ते किती वर्षे पुरते, याचा हा हिशेब पुण्यातल्या कोणत्याही घरात विचारून पाहावा.

या बागा दिमाखाच्या, शहराला एक-दोन. कोपऱ्याकोपऱ्यावरचे साधे मैदान कसे करावे, हे पाहण्यासाठी थोडे दूर जाऊ. हॉलंडमधले आम्स्टरडॅम शहर दुसऱ्या महायुद्धाने होरपळले होते. १९४७ साली तिथल्या बर्टेलमनप्लाइन या चौकात महापालिकेतील तरुण वास्तुविशारद आल्डो व्हान आइक याने मुलांसाठी एक जागा आखली. एक वाळूचा हौद, कोलांट्या मारायला लोखंडाचे काही दांडे, उड्या मारायला गोल दगड. हत्ती नाही, घोडा नाही, कारंजे नाही. कुंपणसुद्धा नाही. त्या विभागातल्या याकोबा मुल्डर या बाईंचा या कामाला पाठिंबा होता. गंमत पुढे आहे. दुसऱ्या मोहल्ल्यातल्या लोकांनी ते पाहिले आणि पालिकेला पत्रे लिहिली: आमच्या गल्लीच्या टोकाला अमुक एक पडीक जागा आहे, तिथे आम्हालाही असेच हवे. पत्रांमागून पत्रे आली आणि १९७८ पर्यंत त्या शहरात सातशेहून अधिक अशा जागा झाल्या.

त्या पत्रांत एक गुण होता, जो आपल्या निवेदनांत क्वचित दिसतो. ‘आमच्या मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे मोघम गाऱ्हाणे त्यांत नव्हते. जागा दाखवलेली होती. आपल्याकडे ज्यांना अर्ज करावयाचा आहे त्यांनी एवढे तरी उचलावे: सर्व्हे नंबर लिहावा, सातबाऱ्याचा उतारा जोडावा, जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगावे. आमदाराला कळकळ असली तरी कळकळीवर सही करता येत नाही. त्याला कागद लागतो.

आपल्याकडे मैदान मरते तेही कागदावरच. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे शहराच्या विकास आराखड्यात मैदानासाठी आरक्षण पडते. नकाशावर हिरवा चौकोन दिसतो, लोक खूश होतात. पण जमीन खाजगी असते आणि ती विकत घ्यायला पैसा लागतो. दहा वर्षांत घेतली नाही तर मालक नोटीस देतो, आणि त्या नोटिशीच्या मुदतीतही पालिकेने हालचाल केली नाही तर कलम १२७ प्रमाणे आरक्षण संपते. कोणी मैदान हिसकावून घेत नाही. अंदाजपत्रकात त्याची ओळ नसते एवढेच. नगरसेवकाकडे मागावयाची असते ती ही ओळ, आणि मागावयाची वेळ असते अंदाजपत्रक बनताना. ते मंजूर झाल्यावर नेलेल्या निवेदनाला हार आणि चहा मिळतो.

मुंबईकरांनी हे उशिरा का होईना ओळखले. २०१६ च्या जानेवारीत महापालिकेने मोकळ्या जागा खाजगी संस्थांना सांभाळायला देण्याचे धोरण मंजूर केले. आधीचा अनुभव कडू होता. सांभाळायला म्हणून दिलेल्या काही मैदानांवर क्लब उभे राहिले होते आणि बाहेरची मुले बाहेरच राहिली होती. नागरिकांनी एवढा गिल्ला केला की मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी धोरणाला स्थगिती द्यायला लावली, आणि आधी देऊन टाकलेल्या दोनशेहून अधिक जागा परत घेण्याचे काम पालिकेला हाती घ्यावे लागले. शापुरजींच्या अर्जाशी याची तुलना करून पाहावी. वाद तोच होता, मूठभरांचा आणि शेकडोंचा. फक्त या वेळी अर्ज ज्यांच्याकडे गेला त्यांना पुढच्या वर्षी पालिकेच्या निवडणुकीला तोंड द्यावयाचे होते.

आता शहर सोडून खाली कोकणात उतरू. पनवेलहून रोह्याला जाणाऱ्या गाडीत पेण, कासू, नागोठणे ही स्टेशने मागे पडली की निडी येते, आणि मग रोहा. हा भाताचा मुलूख. अशा गावात मैदानाचा प्रश्न आहे असे पाहुण्याला वाटतही नाही, कारण दिवाळीच्या सुमारास भात कापून झाले की सारी खाचरे मोकळी होतात. बांधावर चपला काढून पोरे हुतूतू मांडतात, आणि रायगड जिल्ह्याला कबड्डीचे खेळाडू मिळतात ते याच मातीतून. पण हे मैदान उसने असते. मृगाचे पाणी पडले की त्यावर नांगर फिरतो, आणि जमीन विकली गेली की तेही नाही. धाटावला कारखान्यांची वसाहत आली, नागोठण्याला मोठा रसायन प्रकल्प आला. त्यांच्या आसपास खाचराची किंमत भातावरून ठरेनाशी झाली. जी जागा कोणी मैदान म्हणून लिहूनच ठेवली नव्हती, ती गेली तेव्हा मैदान गेले अशी नोंदही कुठे झाली नाही.

लिहून ठेवायला कायद्यात खण आहे का? १९६६ च्या जमीन महसूल संहितेत, कलम २२ मध्ये, कलेक्टरने गावाच्या उपयोगासाठी सरकारी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. गुरांची चराई, स्मशान, गावठाण, खळे, बाजार, इतकेच काय मेलेली जनावरे सोलण्याची जागा, यांचा तिथे नाव घेऊन उल्लेख आहे. मुलांच्या खेळाचे मैदान मात्र ‘इतर सार्वजनिक कारण’ या शेवटच्या पिशवीत हात घालून शोधावे लागते. पुढे १९९२ साली घटनादुरुस्त्या झाल्या तेव्हा नगरपालिकांसाठी जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने आणि क्रीडांगणे आली. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत एकोणतीस विषय आहेत. त्यांत मत्स्यव्यवसाय आहे, वाचनालये आहेत, बाजार आणि जत्राही आहेत. क्रीडांगण नाही. खेड्यातल्या मुलाला खेळायला जागा असतेच, या समजुतीचा हा छापील पुरावा.

याच मुलखाचा एक योगायोग सांगण्यासारखा आहे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघाने (जिल्ह्याचे रायगड हे नाव १९८१ चे) चिंतामणराव देशमुखांना लोकसभेत पाठवले. घराणे रोह्याचे, आणि ते स्वतः भारताचे अर्थमंत्री. सबंध देशाच्या तिजोरीची किल्ली या तालुक्यांच्या प्रतिनिधीच्या कमरेला होती! पण घटनेप्रमाणे खेळ हा राज्यांच्या यादीतला विषय, आणि खासदाराच्या शिफारशीने गावात एखादे छोटे काम व्हावे अशी सोयच तेव्हा नव्हती. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडले, हे महाराष्ट्र विसरणार नाही. गावोगाव कामे सुचवायला खासदाराच्या हाती निधी आला तो त्यानंतर सदतीस वर्षांनी, १९९३ च्या डिसेंबरात; आमदारांना तो राज्यात त्याआधी मिळू लागला होता. खासदाराच्या निधीची वार्षिक मर्यादा पुढे १९९८ पासून दोन कोटी आणि २०११ पासून पाच कोटी रुपये झाली.

या निधीतून मैदानाची कामे झाली, यात शंका नाही. पण त्यांतली पुष्कळ पाहिली की हसावे की रडावे कळत नाही. आधी कमान उभी राहते, मग तिच्यावर निधी देणाऱ्याचे नाव, मग कुंपण, मग फरशी. पैसे संपले की गवत आणि झोपाळा राहून जातो. झोपाळा बसलाच तर दोन पावसाळ्यांत त्याची कडी झिजते, आणि कडी बदलण्यासाठी निधी देण्याची पद्धत नाही, कारण कडीवर नाव घालता येत नाही. कोकणातल्या दमट हवेत लोखंड किती वर्षे टिकते हे कोणताही लोहार सांगेल. तेव्हा अर्जात खेळणी मागण्यापेक्षा सपाट केलेली जमीन, पाण्याचा निचरा, सावलीला चार झाडे आणि डागडुजीसाठी ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात दरसाल थोडी रक्कम मागावी. आणि मुलींना संध्याकाळी तिथे निर्धास्त जाता यावे म्हणून एक दिवा मागावा; तो विसरला की अर्धे मैदान मुलांचेच होते.

मागणीचे फळ किती उशिरा येते याची एक हकीकत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातली. ताराबाई मोडक १९४५ साली मुंबईची दादरची बालशाळा मागे टाकून बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पाड्यावरची मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे. झाडाखाली, गोट्या-शिंपल्यांनी खेळत शिकावे, असा त्यांचा प्रयोग होता. त्यातूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. १९७३ साली ताराबाई गेल्या. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सरकारी पैशासह देशभर गेला. शब्द गेला, पैसा गेला. अंगण मात्र प्रत्येक ठिकाणी गेले नाही. पुष्कळ अंगणवाड्या एका खोलीत भरल्या.

संयुक्त राष्ट्रांनी १९५९ साली बालहक्कांचा जाहीरनामा काढला, त्यात खेळ हा मुलाचा हक्क म्हटला आहे. १९८९ च्या करारात तो कलम ३१ म्हणून आला आणि भारताने १९९२ साली त्याला मान्यता दिली. ही भाषा अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात शोभते. गावात मात्र उपयोगी पडते ते २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे परिशिष्ट. शाळेच्या इमारतीला काय काय हवे याच्या यादीत तिथे क्रीडांगण स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यातल्या कामांच्या यादीतही पुढे खेळाचे मैदान आले आणि ग्रामसभेला ते काम सुचवता येऊ लागले. ग्रामसभा वर्षातून चार तरी भरतात. तिथे पाण्याचा आणि रस्त्याचा विषय संपेपर्यंत माणसे उठू लागलेली असतात. म्हणून मैदानाचा ठराव आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर चढवून घ्यावा.

आणि नवे मैदान होईल तेव्हा होईल. शाळेचे आहे, ते तरी शाळा सुटल्यावर गावातल्या मुलांना उघडे असावे, असा ठराव पहिल्याच सभेत मांडता येतो. फाटकाच्या कुलपाची दुसरी किल्ली कोणाकडे ठेवायची, तिन्हीसांजेला फाटक कोणी लावायचे आणि नळाची तोटी मोडली तर भरून कोणी द्यायची, या तीन गोष्टी त्यात लिहाव्यात. सरपंच बहुधा तिसऱ्या गोष्टीवर अडतील. तिथे तोटीची किंमत आधीच विचारून गेलेला माणूस उपयोगी पडतो.